फिनेगलमधला फ्युचर आणि स्कालाचा फ्युचर: नाव एकच, वागणं वेगळं

फिनेगलवर (ट्विटरची, स्काला भाषेत नेटवर्क सर्व्हिस लिहायची लायब्ररी) सर्व्हिस लिहायला घेतली की पहिला घोळ इम्पोर्टलाच होतो, कारण फ्युचर (नंतर मिळणाऱ्या उत्तराची जागा धरून ठेवणारी वस्तू) टाइप केलं की एडिटर दोन दोन दाखवतो, एक ट्विटर युटिल या लायब्ररीचा आणि एक स्कालाच्या स्टँडर्ड लायब्ररीचा. दोन का? तर ट्विटरने फिनेगल 2011 मध्ये ओपन सोर्स केलं, आणि स्कालाचा स्वतःचा आत्ताचा फ्युचर आला 2.10 व्हर्जनबरोबर, 2013 मध्ये. मॅप, फ्लॅटमॅप (उत्तर आल्यावर पुढचं काम जोडायच्या मेथड) दोघांनाही आहे, दोघंही बनवले की लगेच कामाला लागतात, त्यामुळे कोड नुसता वाचून फरक कळतच नाही.

खरा फरक म्हणजे मॅपमध्ये दिलेलं फंक्शन चालवतं कोण. स्कालावाला दर वेळी एक्झिक्युशन कॉन्टेक्स्ट (काम कुठल्या थ्रेडवर चालवायचं ते ठरवणारा) मागतो, आणि तुम्ही द्याल त्या थ्रेडपूलवर, म्हणजे तयार थ्रेडच्या गटावर, काम जातं. ट्विटरवाला काहीच मागत नाही, ज्या थ्रेडने उत्तर आणून दिलं त्यावरच पुढचं फंक्शन चालतं. कटकट कमी, थ्रेड बदलायचा खर्चही वाचतो, पण फिनेगलमध्ये तो थ्रेड बहुतेक वेळा नेटीचा (फिनेगलच्या खालची नेटवर्क लायब्ररी) असतो, आणि त्यात कोणी जेडीबीसीची, म्हणजे डेटाबेसची, क्वेरी टाकून वाट बघत बसलं तर त्याच थ्रेडवरच्या बाकीच्या रिक्वेस्टपण खोळंबतात. अशी कामं सरळ फ्युचरपूलला (ट्विटर युटिलमधला वेगळा थ्रेडपूल) द्यायची. (स्कालाच्या ग्लोबल पूलमध्ये ब्लॉक करणंही काही शहाणपणाचं नाही, थ्रेड साधारण कोअरइतकेच असतात, पण निदान तो पूल वेगळा करता येतो.)

दुसरी गोष्ट कॅन्सल करायची, आणि माझ्या मते ट्विटरवाला इथेच भाव खाऊन जातो. क्लायंट मधेच कनेक्शन तोडून गेला की फिनेगल त्या फ्युचरवर रेझ करतं, म्हणजे 'थांब' असा निरोप देतं, तो निरोप फ्लॅटमॅपच्या साखळीतून मागे मागे जातो आणि पुढच्या सर्व्हिसला केलेला कॉलसुद्धा थांबू शकतो. ही विनंती आहे हं, जबरदस्ती नाही, प्रॉमिसवर (फ्युचरमध्ये उत्तर भरायची बाजू) इंटरप्ट हँडलर, म्हणजे तो निरोप ऐकणारं फंक्शन, लावलेलाच नसेल तर काहीही होत नाही. स्कालाच्या फ्युचरला थांब म्हणायची सोयच नाही, ऐकणारं कोणी उरलं नसलं तरी तो काम पूर्ण करणार.

बाकी किरकोळ: चूक झाली तर सावरायला ट्विटरचं हँडल म्हणजे स्कालाचं रिकव्हर, रेस्क्यू म्हणजे रिकव्हरविथ, आणि बरेच फ्युचर एकत्र करायला कलेक्ट म्हणजे सीक्वेन्स. एखादी लायब्ररी स्कालाचाच फ्युचर देत असेल तर तिला हात लावतो तिथेच ट्विटरच्या प्रॉमिसमध्ये बदलून घ्या, फक्त रेझ त्या जोडापर्यंतच पोचेल, पलीकडे नाही.