एकाच देहातली अनेक वये

वाचण्याच्या चष्म्याला मराठीत 'चाळिशी' असेच नाव आहे. चाळिसाच्या आसपास हातातला कागद थोडा लांब धरावा लागतो, मग आणखी थोडा, आणि एके दिवशी हातच तोकडा पडतो. या नावामुळे असा समज होतो की डोळ्यांतला हा बदल चाळिसाव्या वर्षी सुरू होतो. प्रत्यक्षात तो शाळकरी वयातच सुरू झालेला असतो. जवळचे पाहताना डोळ्यातले भिंग अधिक फुगीर व्हावे लागते, आणि त्यासाठी लागणारी त्याची लवचीकता लहानपणापासून हळूहळू घटत जाते. दहा वर्षांच्या मुलाला ७ ते ८ सेंटिमीटरवर धरलेले अक्षर स्पष्ट दिसते, विशीत हे अंतर साधारण १० सेंटिमीटर होते, चाळिशीत २० ते २५ आणि साठीत जवळजवळ एक मीटर. पुस्तक आपण ज्या अंतरावर सहज धरतो, ते या वाढत्या अंतराने गाठेपर्यंत आपल्याला काहीच जाणवत नाही, आणि ते गाठले की म्हातारपण एकाएकी आल्यासारखे वाटते.

या भिंगाची आणखी एक गोष्ट विलक्षण आहे. ते आयुष्यभर वाढत राहते. कांद्याच्या पाकळ्यांसारखे त्याच्यावर बाहेरून नवे थर चढतात, परंतु जुने थर कधीच टाकून दिले जात नाहीत. ते आत आत दाबले जातात. अगदी मध्यभागी जे तंतू असतात ते जन्मापूर्वी तयार झालेले असतात, आणि त्यांतली प्रथिने पुढे बदलली जात नाहीत. म्हणजे ऐंशी वर्षांच्या माणसाच्या डोळ्याच्या मधोमध गर्भावस्थेत घडलेला पदार्थ जसाच्या तसा असतो, आणि त्याच डोळ्याच्या पृष्ठभागावरच्या पेशी मात्र जेमतेम काही दिवसांच्या असतात.

बालपण, तारुण्य, प्रौढपण आणि वार्धक्य अशा चार पायऱ्या आपण शिकतो, आणि सगळे शरीर एकाच वेळी एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जाते असे गृहीत धरतो. शरीराचा कारभार तसा चालत नाही. प्रत्येक अवयवाचे पंचांग वेगळे असते: काही भागांची उतरण जन्माआधीच लागते, काहींची चढण पंचविशीपर्यंत चालू असते, आणि काही भाग इतक्या वेगाने नवे होत राहतात की त्यांना वय असे नसतेच.

कोणत्या पेशीचे वय किती, हे ठरवणे फार काळ अवघड होते. प्राण्यांना किरणोत्सारी पदार्थ टोचून पेशींचे विभाजन मोजता येते, माणसांच्या बाबतीत तसे करता येत नाही. ही अडचण सुटली ती एका अनपेक्षित आणि खरे तर लाजिरवाण्या कारणाने. १९५५ ते १९६३ या काळात उघड्या हवेत झालेल्या अणुचाचण्यांमुळे वातावरणातील कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण उत्तर गोलार्धात जवळजवळ दुप्पट झाले. १९६३ साली अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन यांनी अशा चाचण्या थांबवण्याचा करार केला, आणि त्यानंतर समुद्र व वनस्पती हा कार्बन शोषून घेत असल्याने त्याचे प्रमाण वर्षागणिक उतरत गेले. वनस्पतींतून तो अन्नात आणि अन्नातून आपल्या शरीरात आला. पेशी विभागताना तिचा डीएनए नव्याने घडतो आणि त्या क्षणी शरीरात जितका कार्बन-१४ असेल तितका त्यात बंदिस्त होतो. पुढे ती पेशी विभागली नाही, तर डीएनएमधला कार्बन जवळजवळ बदलत नाही. त्यामुळे हे प्रमाण मोजले की पेशी कोणत्या वर्षी जन्मली, ते सांगता येते. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत योनास फ्रिसेन, कर्स्टी स्पाल्डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत वापरून केलेले काम २००५ सालापासून प्रसिद्ध होऊ लागले.

आतड्याचे अस्तर तीन ते पाच दिवसांत बदलते आणि तांबड्या रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगतात, हे आधीच ठाऊक होते. नवी माहिती मिळाली ती मंद गतीच्या अवयवांबद्दल. मेंदूच्या बाह्यकातील चेतापेशी जन्माच्या सुमारासच्याच असतात. आयुष्यभर त्याच पुरवायच्या असतात. हृदयाच्या स्नायुपेशींबद्दल मात्र पाठ्यपुस्तके चुकली होती. त्या कधीच नव्या होत नाहीत असे मानले जाई, परंतु २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार पंचविसाव्या वर्षी त्यांतल्या सुमारे १ टक्का पेशी दरवर्षी बदलतात आणि पंचाहत्तराव्या वर्षी हा वेग ०.४५ टक्क्यापर्यंत उतरतो. पन्नाशीच्या माणसाच्या हृदयात सुमारे ५५ टक्के स्नायुपेशी जन्माच्या वेळच्या आणि ४५ टक्के नंतर आलेल्या असतात. पोटरीचा स्नायू टाचेला बांधणारी जाड कंडरा तर जवळजवळ सतराव्या वर्षीच घडून पूर्ण होते, आणि तिचा गाभा त्यानंतर नूतनीकरणाच्या वाट्याला फारसा येत नाही. तिची दुखापत भरून यायला इतका वेळ का लागतो, याचा काही उलगडा यातून होतो.

दर सात वर्षांनी माणसाचे सगळे शरीर नवे होते, असे एक वाक्य वारंवार ऐकू येते. त्यातली सात ही संख्याही खरी नाही आणि 'सगळे' हा शब्दही.

जन्माच्या क्षणी मात्र बदल इतका झटपट होतो की त्याला तोड नाही. गर्भाची फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात आणि प्राणवायू वारेतून येतो, म्हणून हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये एक छिद्र असते. त्यातून रक्त फुप्फुसांना वळसा घालून जाते. पहिल्या श्वासाबरोबर फुप्फुसांतील रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, डाव्या कप्प्यातला दाब उजव्यापेक्षा वाढतो आणि छिद्रावरचा पडदा दारासारखा लोटला जातो. पुढे तो बहुतेकांत चिकटून पक्का होतो. सुमारे चौथा हिस्सा प्रौढांत तो नीट चिकटलेला नसतो आणि त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो.

नवजात बाळाचे डोके त्याच्या लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असते, प्रौढांत ते एक अष्टमांश उरते. याचा अर्थ डोके आपली वाढ बरीचशी आधी उरकून घेते आणि पाय मागून येतात. कवटीची हाडे जन्मतः जुळलेली नसतात, म्हणून बाळाची टाळू मऊ लागते आणि ती भरायला साधारण दीड वर्ष लागते. या फटी मेंदूसाठी राखून ठेवलेल्या असतात, कारण पहिल्या एका वर्षात मेंदूचे आकारमान सुमारे दुप्पट होते. त्याची भूकही तशीच दांडगी असते. पाच वर्षांच्या सुमारास, शरीर विश्रांती घेत असताना खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी जवळपास दोन तृतीयांश एकटा मेंदू घेतो, आणि नेमक्या त्याच वयात उंची व वजन यांची वाढ सर्वांत मंदावलेली असते. मूल खाते पण अंगी लागत नाही, ही तक्रार ज्या वयात सर्रास ऐकू येते, त्या वयात खाल्लेले बहुधा डोक्याला लागत असते.

वयात येण्याची यंत्रणा मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये आहे आणि ती पौगंडावस्थेत नव्याने तयार होत नाही. जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत ती चालू असते, नंतर कित्येक वर्षे दाबून ठेवली जाते, आणि हा दाब सुटू लागला की सुरुवातीला फक्त रात्री झोपेत संप्रेरकांच्या लहान लहान लाटा उठवते. पुढचे सगळे डोळ्यांना दिसते. आधी हातापायांचे पंजे वाढतात, मग हातपाय लांबतात आणि धड सर्वांत शेवटी गाठते. त्यामुळे मध्यंतरी काही काळ मुलांना आपलेच हातपाय परके वाटतात. मुलींमध्ये हा उसळीचा काळ मुलांपेक्षा सुमारे दोन वर्षे आधी येतो. मुलांना बालपणाच्या संथ वाढीची दोन वर्षे अधिक मिळतात, आणि प्रौढ पुरुष सरासरीने उंच असण्याचे एक मोठे कारण ही दोन वर्षे आहेत.

उंची वाढते ती लांब हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेच्या पट्ट्यांत. तिथे पेशी विभागत राहतात आणि मागे हाड घडत जाते. पट्टी संपूर्ण हाडात बदलली की वाढ थांबते. ही पट्टी बुजवण्याचा आदेश मुलग्यांत टेस्टोस्टेरॉन देत असणार, असे गृहीत होते. १९९४ साली अमेरिकी संशोधकांनी एका २८ वर्षांच्या पुरुषाची माहिती प्रसिद्ध केली. तो २०४ सेंटिमीटर उंच होता आणि अजून वाढतच होता. त्याच्या हाडांचे वय पंधरा वर्षांच्या मुलाइतके भरले. टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित होते. बिघाड होता तो इस्ट्रोजेनची नोंद घेणाऱ्या ग्राहीमध्ये, म्हणजे ज्याला आपण सहजपणे 'स्त्री-संप्रेरक' म्हणतो ते त्याच्या पेशींना ओळखूच येत नव्हते. पुरुषाच्या हाडांची वाढही इस्ट्रोजेनच थांबवते, हे तेव्हा स्पष्ट झाले. सर्व हाडे एकाच वेळी थांबत नाहीत, हेही लक्षात घ्यायला हवे: गळपट्टीच्या हाडाचे छातीकडचे टोक सर्वांत शेवटी जुळते, तेही विशी उलटल्यावर, म्हणूनच न्यायवैद्यकात तरुण व्यक्तीचे वय ठरवताना ते तपासतात.

याच्या अगदी उलट दिशेने धावते ते स्त्रीबीजांचे घड्याळ. मुलीच्या बीजांडकोशात सर्वाधिक बीजपेशी असतात त्या ती पाच महिन्यांचा गर्भ असताना, सुमारे ६० ते ७० लाख. जन्मापर्यंत त्या १० ते २० लाखांवर येतात आणि पाळी सुरू होईपर्यंत ३ ते ४ लाखांवर. यांतली जेमतेम ४०० ते ५०० बीजे पक्व होऊन बाहेर पडतात. बाकीची आपसूक विरून जातात. पन्नाशीच्या आसपास येणारी रजोनिवृत्ती हा म्हणून अचानक आलेला शेवट नव्हे. ज्या घसरणीला आईच्या उदरातच सुरुवात झाली, तिचा तो शेवटचा टप्पा असतो. पुरुषांत शुक्रपेशी सुमारे अडीच महिन्यांच्या चक्रात आयुष्यभर नव्याने बनत राहतात, मात्र प्रत्येक नकलेगणिक चुका साठत जाण्याचा धोका तिथे असतो.

रोगप्रतिकारक पेशींना घडवणारी छातीतली थायमस ग्रंथीही लहानपणीच भरात असते आणि पुढे चरबीत रूपांतरित होत जाते.

तिशीनंतर चयापचय मंदावतो म्हणून पोट सुटते, ही समजूत जगभर आहे आणि सोयीचीही आहे. २०२१ साली हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या वृद्धांपर्यंत ६,४०० हून अधिक लोकांचा दैनंदिन ऊर्जाखर्च तपासला. शरीराचा आकार व स्नायूंचे प्रमाण हिशेबात घेतल्यावर असे आढळले की एक वर्षाच्या बाळाचा खर्च प्रौढांपेक्षा सुमारे ५० टक्के अधिक असतो, विशीपर्यंत तो उतरतो आणि वीस ते साठ या चाळीस वर्षांत जवळजवळ सपाट राहतो. घट सुरू होते ती साठीनंतर, वर्षाला सुमारे ०.७ टक्का. पन्नाशीचे पोट ही चयापचयाची करणी नव्हे. चरबीच्या पेशींची संख्यादेखील प्रौढपणी फारशी बदलत नाही. दरवर्षी सुमारे १० टक्के पेशी मरतात व तितक्याच नव्या येतात, आणि वजनातला फरक बराचसा या पेशींच्या फुगण्या-आक्रसण्यातून येतो.

हाडे आणि स्नायू यांचा हिशेब मात्र असा ठरीव नसतो. प्रौढ सांगाड्याचा सुमारे दहावा भाग दरवर्षी मोडून पुन्हा बांधला जातो: एक प्रकारच्या पेशी जुने हाड कुरतडतात, दुसऱ्या प्रकारच्या त्या जागी नवे रचतात. तिशीच्या सुमारास हाडांची साठवण शिगेला पोहोचते, त्यानंतर मोडतोड बांधकामापेक्षा किंचित पुढे राहते, आणि रजोनिवृत्तीनंतरच्या काही वर्षांत, इस्ट्रोजेन घटल्याने, ही तफावत एकदम वाढते. स्नायूंचे वस्तुमान तिशीनंतर दर दशकाला ३ ते ८ टक्क्यांनी कमी होते आणि साठीनंतर अधिक वेगाने. परंतु किती घट वयाची आणि किती बसून राहण्याची, हे वेगळे काढणे सोपे नाही. १९९० साली अमेरिकेतील एका प्रयोगात वृद्धाश्रमात राहणाऱ्या ८६ ते ९६ वर्षे वयाच्या दहा जणांना मांडीच्या स्नायूंचा वजने उचलण्याचा व्यायाम दिला गेला. ज्या नऊ जणांनी तो आठ आठवडे पूर्ण केला, त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि मांडीच्या स्नायूंचा आकार ९ टक्क्यांनी. आकारातली वाढ लहान आणि ताकदीतली एवढी मोठी, यावरून स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जातंतूंनीही बरेच काही पुन्हा शिकून घेतले असणार, असे दिसते. व्यायाम बंद केल्यावर चार आठवड्यांत त्यांच्या ताकदीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग पुन्हा ओसरला.