टेंडर निघालं, मग मला कसं कळलं नाही?

आम्ही सरकारी निविदा भरायला मदत करतो, आणि बहुतेक ग्राहक पहिल्यांदा हाच प्रश्न घेऊन आमच्याकडे येतात. पूर्वी पेपरातली जाहिरात कापून ठेवायची आणि कचेरीत जाऊन कोरा फॉर्म विकत घ्यायचा, अशी रीत होती. आता राज्याच्या निविदा महाटेंडर्स या संकेतस्थळावर आणि केंद्राच्या सीपीपी या खरेदी पोर्टलवर निघतात. रोजच्या वापराच्या वस्तू २०१६ पासून जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या ऑनलाइन बाजारावर आहेत.

खुली निविदा कुणालाही पाहता येते. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांप्रमाणे ती भरायला साधारणपणे किमान तीन आठवडे मिळायला हवेत. मर्यादित निविदेचं तसं नाही. ती खात्याच्या यादीवरच्या पुरवठादारांनाच थेट पाठवतात, म्हणून यादीत नाव आधी लागलेलं हवं. सल्लागार नेमायचा असेल तर आधी स्वारस्य अभिव्यक्ती, म्हणजे काम करायला इच्छुक असल्याचं पत्र मागवतात, त्यातून निदान तिघे निवडतात आणि आरएफपी, म्हणजे सविस्तर प्रस्ताव मागवणारा कागद, फक्त त्यांनाच मिळते. पहिला टप्पा हुकला की पुढचा कागद मागूनही मिळत नाही.

खरी गफलत मात्र निविदा हातात आल्यावर होते, शुद्धीपत्रकात, म्हणजे निविदेत नंतर केलेल्या बदलाच्या सूचनेत. कुपवाडच्या आमच्या एका ग्राहकाने शाळेच्या बाकांची निविदा पहिल्याच दिवशी उतरवून घेतली आणि दर निवांत भरले. मधल्या काळात शुद्धीपत्रक येऊन बीओक्यूची, म्हणजे दर भरायच्या तक्त्याची फाइल बदलली होती. शेवटच्या दिवशी अडीच वाजता पोर्टल जुनी फाइल घेईना, आणि मुदत तीनची! त्यांनी ती निविदा पोर्टलवर ‘माय टेंडर्स’मध्ये टाकून ठेवली असती तर बदलाचा एसएमएस आला असता. हे दोन क्लिकचं काम आहे, पण दहातले आठ जण करत नाहीत असा आमचा अनुभव. आणि घड्याळ पोर्टलचं धरायचं, भिंतीवरचं नाही.

अटींबद्दल शंका असेल तर ती निविदापूर्व बैठकीत किंवा दिलेल्या मुदतीत लेखी विचारायची. उत्तर सगळ्या निविदाधारकांना एकच मिळतं. ‘साहेबांना फोन लावून बघू’ हा मार्ग आम्ही धरत नाही, तुम्हीही धरू नका.

उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघू उत्पादकांना आणि सेवा देणाऱ्यांना केंद्राच्या खरेदीत बयाणा रक्कम (निविदेसोबत भरायची अनामत) माफ असते, निविदेचे कागदही विनामूल्य मिळतात. नुसत्या व्यापाऱ्याला ही सवलत नाही. राज्याच्या निविदेत तिथली अट वाचूनच ठरवायचं.

पोर्टलवर रोज नजर ठेवणं, अटी वाचून मराठीत समजावणं, लिफाफे, म्हणजे कागदपत्रांचे ऑनलाइन संच तयार करून अपलोड करताना शेजारी बसणं, ही आमची कामं. दर तुमचा तुम्ही ठरवायचा. डिजिटल सही क्लास ३ची लागते. तिचं टोकन (पेनड्राइव्हसारखं यंत्र) आणि पिन आमच्याकडे ठेवून जाऊ नका, कितीही सोयीचं वाटलं तरी. भरायच्या दिवशी सोबत घेऊन या.