वागण्याचे परिणाम (अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनालिसिस)

अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनालिसिस (थोडक्यात एबीए) म्हणजे माणूस असं का वागतो हे बघून ते वागणं बदलायची पद्धत, आणि त्यात परिणाम म्हणजे एखादं वागणं झाल्या झाल्या समोर जे घडतं ते. "याचे परिणाम भोगशील" ऐकत मोठे झाल्यामुळे आपल्याला परिणाम म्हटलं की शिक्षाच आठवते, पण इथे देणाऱ्याचा हेतू काय होता हे बघतच नाहीत, ते वागणं पुढे वाढलं का कमी झालं एवढंच बघतात.

ठाण्यात गोखले रोडवर संध्याकाळच्या गर्दीत चार वर्षांचं पोर फुग्यासाठी रस्त्यातच लोळण घेतं, लोक बघायला लागतात, आई वैतागून फुगा घेऊन देते आणि रडणं बंद. यात दोघंही शिकले. पोराला फुगा मिळाला, पुढच्या वेळी लोळण आणखी लवकर, हे पॉझिटिव्ह रीइन्फोर्समेंट, मराठीत धन प्रबलन. आईची कटकट गेली, म्हणून तिचं घेऊन देणं वाढतं, ते निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट. निगेटिव्ह म्हणजे शिक्षा नव्हे, नकोशी गोष्ट निघून गेली इतकंच, आणि ही चूक शिकलेली माणसंसुद्धा सर्रास करतात. शिक्षा तीच जिच्याने वागणं खरंच कमी होतं, नाहीतर रोज ओरडून मूल तसंच वागत असेल तर ते ओरडणंच त्याला हवं असलेलं लक्ष असू शकतं.

परिणामामुळे वागणं बदलतं ही मूळ कल्पना जुनी आहे. मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकने १८९८ मध्ये पेटीत कोंडलेल्या मांजरांवर प्रयोग केले, मानसशास्त्रज्ञ स्किनरने १९३८ मध्ये ती पुढे नेली, आणि १९६८ मध्ये बेअर, वुल्फ, रिझली यांनी एबीएची चौकट मांडली.

आता फुगा द्यायचा बंद केला (याला विलोपन म्हणतात) तर रडणं आधी वाढू शकतं, बरंच वाढू शकतं, आणि नेमकं तेव्हाच घरचे हरतात, म्हणजे मूल शिकतं की एवढं जोरात रडलं की मिळतं. त्यात आई नाही म्हणते आणि आजी तिसऱ्या-चौथ्या वेळेला देते, मग तर सवय सुटता सुटत नाही, कारण कधीतरी मिळणारी गोष्टच सगळ्यात चिवट सवय लावते.

नुसतं दुर्लक्ष करणं मात्र अर्धवट काम आहे आणि मुलावर अन्यायही. वाशीच्या एखाद्या क्लासमध्ये गणित आलं की मुलगी वही फेकते, बाई तिला बाहेर उभं करतात, बाईंना वाटतं शिक्षा केली, पण तिची गणितातून सुटका झाली, म्हणजे उद्या परत वही उडणार. १९८५ मध्ये कार आणि ड्युरँड या संशोधकांनी दाखवलं की अशा मुलांना तीच गोष्ट मागायची साधी पद्धत शिकवली की त्रासदायक वागणं कमी होतं. म्हणून तिला "बाई, जमत नाहीये" म्हणायला किंवा ब्रेकचं कार्ड दाखवायला शिकवायचं, आणि तिने मागितलं की लगेच, त्याच क्षणी द्यायचं. याच क्षेत्रात १९६० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ लोव्हास यांच्या कामात ऑटिस्टिक (स्वमग्न) मुलांना विजेचे झटकेसुद्धा दिले गेले, ते चूकच होतं, आणि ऑटिस्टिक माणसं आज त्याबद्दल चिडून बोलतात ते ऐकूनच हे काम करायला हवं.