व्हिएतनामनंतरची मोजणी: मानसिक आघाताच्या संशोधनपद्धतीची पार्श्वभूमी

व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या किती अमेरिकी सैनिकांच्या मनात त्या युद्धाचा आघात टिकून राहिला, या एकाच प्रश्नाची दोन उत्तरे १९८८ ते १९९० या काळात प्रसिद्ध झाली. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या पाहणीत मुलाखतीच्या आधीच्या महिन्यात आघातोत्तर तणाव विकार असलेले माजी सैनिक २.२ टक्के आढळले, तर संसदेने १९८३ मध्ये आदेश दिलेल्या राष्ट्रीय पाहणीत त्या वेळी विकार असलेल्या पुरुषांचे प्रमाण १५.२ टक्के निघाले. या विषयातील संशोधन पुढे ज्या दिशेने सुधारत गेले, तिचे मूळ बऱ्याच अंशी या तफावतीत सापडते.

आघातोत्तर तणाव विकार, म्हणजे पीटीएसडी, हे निदान अमेरिकेच्या मनोविकार वर्गीकरणात १९८० मध्येच आले होते. बहुतेक मनोविकार लक्षणांवरून ओळखले जातात. या विकाराच्या व्याख्येतच मात्र कारण घातलेले आहे. त्यामुळे संशोधकाला लक्षणे, घडलेला प्रसंग आणि त्या दोहोंतील संबंध अशा तिन्ही गोष्टींची खातरजमा करावी लागते, आणि तिन्हींसाठी मुख्य आधार असतो तो त्या माणसाच्या सांगण्याचाच.

रोग नियंत्रण केंद्राच्या पाहणीत ठरावीक प्रश्न वाचून दाखवले जात आणि आपले लक्षण युद्धातील प्रसंगाशी जोडण्याचे काम उत्तर देणाऱ्यावरच पडे. रोज रात्री उठून घराच्या कड्या तपासणारा माणूस ती आपली सवय समजतो. ती युद्धातून आली, असे तो आपणहून म्हणेलच असे नाही. राष्ट्रीय पाहणीने अनेक मापनसाधने एकत्र वापरली आणि निवडक सैनिकांच्या मुलाखती अनुभवी तज्ज्ञांकडून घेतल्या. याच सुमारास पीटीएसडी तपासण्यासाठी तयार झालेल्या ‘कॅप्स’ या ठरावीक मुलाखतीत प्रत्येक लक्षणाची वारंवारता आणि तीव्रता वेगवेगळी विचारून प्रत्येकीला शून्य ते चार गुण दिले जाऊ लागले. महिन्यातून एकदाच पडणारे, पण माणसाला पहाटेपर्यंत जागे ठेवणारे स्वप्न आणि रोज पडून लगेच विसरले जाणारे स्वप्न यांतला फरक त्यामुळे कागदावर उतरू लागला. मला ही सुधारणा फार मोलाची वाटते.

प्रसंगांची खातरजमा त्याहून अवघड होती. आखाती युद्धातून परतलेल्या ५९ सैनिकांना युद्धातील अनुभवांविषयीची १९ प्रश्नांची एकच यादी परतल्यावर एका महिन्याने आणि पुन्हा दोन वर्षांनी देण्यात आली. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ८८ टक्के सैनिकांचे किमान एक तरी उत्तर बदललेले आढळले, आणि ज्यांची लक्षणे अधिक होती त्यांच्या उत्तरांत ‘नाही’चे ‘होय’ अधिक झाले होते. याचा अर्थ ते खोटे बोलत होते असा नव्हे. आजचा त्रास कालच्या आठवणीला आकार देतो, हे यातून दिसले. आठवणीवरून प्रसंग मोजायचा आणि त्याच प्रसंगावरून त्रासाचे कारण ठरवायचे, ही पद्धत त्यामुळे डळमळीत झाली.

म्हणूनच संशोधक ब्रूस डोहरेनवेंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राष्ट्रीय पाहणीतील माहिती लष्करी नोंदींशी ताडून पाहिली आणि त्रासामुळे जगण्यात खरोखर अडथळा येत होता का, हाही निकष लावला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या फेरतपासणीत, आयुष्यात कधी तरी विकार झालेल्यांचे प्रमाण ३०.९ वरून १८.७ टक्क्यांवर, तर पाहणीच्या वेळचे प्रमाण ९.१ टक्क्यांवर आले. आकडा उतरला म्हणजे सैनिकांनी अतिशयोक्ती केली होती, असा अर्थ काहींनी काढला असेल, तर तो त्यांच्यावर अन्याय आहे. नोंदींनी त्यांच्या सांगण्याला मोठ्या प्रमाणात दुजोराच दिला, आणि जितका युद्धाचा मारा अधिक तितका विकार अधिक, हे नातेही ठळक झाले.

तरीही, युद्धापूर्वी तो माणूस कसा होता, हे लष्करी नोंदी सांगू शकत नव्हत्या. पीटीएसडी झालेल्यांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग लहान असतो, तेव्हा आघातानेच तो आक्रसला असावा, असा समज होता. २००२ मध्ये एकसारख्या जुळ्या भावांच्या अभ्यासाने त्याला धक्का दिला: तीव्र विकार असलेल्या सैनिकांप्रमाणेच युद्धावर न गेलेल्या त्यांच्या भावांचाही तो भाग लहान होता. त्यानंतर माणसांना आघाताच्या आधीपासूनच तपासण्याची गरज अधिक जाणवू लागली. अफगाणिस्तानला निघालेल्या ७४६ डॅनिश सैनिकांना जाण्यापूर्वी, तिथे असताना आणि परतल्यावर पुन्हा पुन्हा प्रश्न विचारले गेले. त्यांतील काहींना निघण्यापूर्वीच त्रास होता, मोहिमेवर असताना तो कमी झाला आणि परतल्यावर पुन्हा वाढला. त्याचा संबंध त्यांच्या बालपणातील आघातांशी आढळला.