'फर्स्ट कॉपी' जॅकेटची पार्श्वभूमी: त्याच कारखान्याचा माल, की फक्त त्याच नावाचा?

ट्रेकिंग आणि गिर्यारोहणाच्या कपड्यांच्या ऑनलाइन बाजारात 'रेप्लिका' (बोलीत 'फर्स्ट कॉपी') हा शब्द फार सैल वापरला जातो. दर्जा आणि नैतिकता या दोन्हींचा गोंधळ तिथूनच सुरू होतो. मुळात हा शब्द बदनाम नव्हता. १९२४च्या एव्हरेस्ट मोहिमेत बेपत्ता झालेल्या एका गिर्यारोहकाचा मृतदेह १९९९ मध्ये सापडला. त्याच्या अंगावरच्या रेशमी, लोकरी आणि गॅबार्डिनच्या तुकड्यांवरून संशोधकांनी तसाच पोशाख पुन्हा तयार करवला आणि २००६ मध्ये तो एव्हरेस्टवर घालून पाहिला गेला. कापडापासून बेतापर्यंत (म्हणजे कापणी-शिवणीच्या रचनेपर्यंत) सगळं मुळाबरहुकूम, अशी ती खरी प्रतिकृती होती. फुटबॉलच्या जर्सीला 'रेप्लिका' म्हणतात तेव्हा तर ती क्लबच्या परवानगीने चाहत्यांसाठी काढलेली अधिकृत आवृत्ती असते.

जॅकेटच्या बाबतीत मात्र या एका शब्दाखाली चार वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात, आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय पुढची चर्चा निरर्थक आहे.

पहिली, दुसऱ्याचा नोंदणीकृत ट्रेडमार्क परवानगीशिवाय लावलेला माल. १९९५ पासून लागू झालेल्या बौद्धिक संपदेच्या जागतिक करारात 'बनावट' या शब्दाची व्याख्या हीच आहे, आणि त्या व्याख्येत दर्जाचा उल्लेखही नाही. कितीही उत्तम शिवलेलं असलं तरी ते बनावटच. दुसरी, बेत उचललेला पण नाव स्वतःचं लावलेला माल. हेल्मेटवर बसणारी टोपी, सॅकच्या कंबरपट्ट्याच्या वर घेतलेले खिसे, काखेतली चेन ही उपयोगाची अंगं आहेत. त्यांवर ट्रेडमार्कचा हक्क सांगता येत नाही, आणि वेगळं पेटंट किंवा नोंदलेलं डिझाइन नसेल तर ती कुणीही शिवू शकतो. तिसरी, 'सरप्लस'. नाकारले जाणारे नग गृहीत धरून कारखाने ऑर्डरपेक्षा थोडे जास्त नग कापतात. ते उरतात, किंवा अख्खी ऑर्डरच रद्द होते. चौथी, 'रात्रपाळीचा माल', म्हणजे त्याच कारखान्याने त्याच पॅटर्नवर ब्रँडच्या मालकाला न सांगता शिवलेले नग.

विक्रेता विकतो बहुतेक वेळा पहिली वस्तू, सांगतो तिसरी किंवा चौथी. खरं सरप्लस ओळखायला कापड हातात घ्यावं लागत नाही, यादी पाहिली तरी पुरते. उरलेला माल तुटक असतो. एखाद्या रंगात फक्त एक्सएस आणि डबल एक्सएल, मागच्या हंगामातलं मॉडेल, लेबल कापलेलं, आणि संपलं की संपलं. वर्षभर सगळ्या रंगांत सगळी मापं देणाऱ्याकडे सरप्लस असूच शकत नाही. त्याच्यासाठी कुठेतरी रोज उत्पादन चालू आहे.

'त्याच कारखान्याचा' हा दावा जलरोधक जॅकेटच्या बाबतीत आणखी कमकुवत ठरतो, कारण इथे शिवणाऱ्याइतकंच कापड महत्त्वाचं असतं. जॅकेटच्या कापडात पाणी अडवणारा पातळ पडदा, म्हणजे मेम्ब्रेन, ज्यापासून बनतो त्या ताणलेल्या पीटीएफईचा (टेफ्लॉनच्या जातीचं प्लास्टिक) शोध १९६९चा आणि मूळ पेटंट १९७६चं. न्यूझीलंडमधल्या एकाने त्याआधीच असं साहित्य बनवण्याचं यंत्र तयार करून पद्धत गुपित ठेवली होती, म्हणून पेटंट अवैध ठरावं, असा वाद अमेरिकेत गाजला. तिसऱ्याने गुप्तपणे वापरलेली पद्धत नंतरच्या संशोधकाच्या पेटंटला आड येत नाही, असं १९८३ मध्ये अपील न्यायालयाने ठरवलं. ज्याने ज्ञान उघड केलं त्याला संरक्षण, हा त्यामागचा विचार होता. त्याची दुसरी बाजू ग्राहकाच्या कामाची आहे. मुदत संपल्यावर ते ज्ञान सर्वांचं झालं. १९९०च्या दशकात मूळ पेटंट संपलं आणि त्याच जातीचं मेम्ब्रेन बनवण्याची वाट इतरांनाही कायदेशीरपणे खुली झाली. मूळ कंपनीच्या हाती उरलं ते नाव, पुढचे सुधारित प्रकार आणि परवान्याची साखळी. तिचं कापड प्रमाणित कारखान्यांनाच मिळतं आणि शिवणीची छिद्रं बंद करणारी टेप बसवण्याची पद्धतही तपासली जाते. म्हणून चांगलं मेम्ब्रेन स्वस्तात मिळणं अशक्य नाही. पण ते खरोखर चांगलं असेल, तर त्यावर दुसऱ्याचं नाव लावायची गरज का पडावी, हा प्रश्न विक्रेत्याला जरूर विचारावा.

नकलांच्या बाजाराचा इतिहास थोडक्यात. १९७४ ते २००४ कापड-कपड्यांचा जागतिक व्यापार कोट्यांनी बांधलेला होता. कोटे टप्प्याटप्प्याने उठले, १ जानेवारी २००५ला पूर्ण संपले. त्याआधी डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला होता. शिवणकाम तिथे एकवटलं तशी नकलही. काठमांडूच्या ठमेलमध्ये मोहिमांच्या उरलेल्या सामानाशेजारी स्थानिक शिवलेली, नामांकित लोगोची जॅकेटं लटकू लागली. बीजिंगच्या रेशीम बाजारात विकल्या गेलेल्या बनावट मालाबाबत २००५-०६ मध्ये न्यायालयांनी गाळेधारकासोबत जागामालकालाही जबाबदार धरलं.

पुढे दुकानाची जागा पार्सलने घेतली. खरेदीदाराच्या वतीने चिनी संकेतस्थळावरून माल घेणारे मध्यस्थ आले. ते गोदामात माल उघडतात, फोटो काढतात, वजन करतात आणि चार-पाच वस्तू एका खोक्यात घालून पाठवतात. या फोटोंवर फार विसंबलं जातं. लोगोच्या भरतकामातला तिरकेपणा फोटोत दिसतो, पण जॅकेट पाऊस रोखेल की नाही हे दिसत नाही.

'स्वतःसाठी एकच नग मागवला तर चालतं' हा समज बौद्धिक संपदेच्या त्याच जागतिक करारातल्या एका सवलतीतून आला. प्रवाशाच्या सामानातला किंवा छोट्या पार्सलमधला बिगरव्यापारी माल सीमेवरच्या कारवाईतून वगळण्याची मुभा देशांना आहे. ती मुभा आहे, सक्ती नाही. डेन्मार्कमधल्या एका ग्राहकाने चिनी संकेतस्थळावरून मागवलेलं बनावट घड्याळ अडवलं गेलं, तेव्हा फेब्रुवारी २०१४ मध्ये युरोपीय न्यायालयाने सीमेवरच्या कारवाईच्या बाजूने निकाल दिला. खरेदी वैयक्तिक असली तरी विक्री व्यापारीच असते. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी २ मे २०२५ला चीन व हाँगकाँगपुरती आणि २९ ऑगस्टला सर्व देशांसाठी बंद केली, त्यामुळे तिथलं स्वस्ताईचं गणितही बदललं.

आता दर्जा. नकलेत सर्वांत आधी जमतो तो बाह्य साज: रंग, लोगो, चेनचा खेचक, टॅग. सर्वांत शेवटी जमते ती शिवणीची टेप. आतून पाहावं. तीन शिवणी जिथे मिळतात, म्हणजे काख, टोपीचा पाया आणि खांदा, तिथे टेपवर टेप सपाट बसलेली असली पाहिजे. त्या सांध्यावर नखाने कड उचलून पाहावी. उचलली गेली, तर दोन-तीन धुण्यांत तिथूनच पाणी शिरेल. टेप बसवताना उष्णता, दाब आणि वेग यांचा मेळ चुकला की गोंद कापडात उतरत नाही, आणि घाईच्या उत्पादनात नेमकं हेच चुकतं.

लेबलवरचे आकडे कुणीही छापू शकतो. १०,००० मिलिमीटर म्हणजे दहा मीटर पाण्याच्या स्तंभाचा दाब. घरी तो मोजता येत नाही, पण ढोबळ दोष कळतो. बाहेरची बाजू वर ठेवून कापडाचा खळगा वाडग्यावर रबराने बांधावा, त्यात पेलाभर पाणी ओतून अर्धा तास ठेवावं आणि मग ओल्या भागावर अंगठ्याने जोर द्यावा. खाली थेंब आला तर सॅकच्या पट्ट्याखाली खांदा भिजणार. स्वस्त पॉलियुरेथेनचा थर नवा असताना ही परीक्षा पासही होतो. पण त्यातले काही प्रकार दमट हवेत काही वर्षांत चिकट होऊन सोलून निघतात. नव्या जॅकेटच्या गुणांवर म्हणूनच निकाल देऊ नये.

पिसांच्या जॅकेटमध्ये ८०० फिल पॉवर म्हणजे एक औंस पिसांनी ८०० घनइंच, सुमारे १३ लिटर जागा व्यापणं. जॅकेट रात्रभर दाबून ठेवावं आणि सकाळी झटकावं. तासाभरातही कप्पे भरले नाहीत आणि बोटांना काड्या टोचल्या, तर आत मऊ पिसांपेक्षा दांड्याची पिसंच जास्त आहेत. थंडीत ही फसवणूक आरोग्यावर बेतू शकते.

नैतिकतेच्या चर्चेत कंपनीच्या बुडालेल्या नफ्याबद्दल फार बोललं जातं. त्याहून गंभीर प्रश्न कामगार, पक्षी आणि रसायनं यांचा आहे. २४ एप्रिल २०१३ला बांगलादेशात राणा प्लाझा कोसळून ११००हून अधिक माणसं गेली, आणि तिथे नामांकित ब्रँडांचाही माल शिवला जात होता. म्हणजे अस्सल लेबल ही हमी नव्हे, हे कबूल करायलाच हवं. पण त्यानंतर निदान जाब विचारायला पत्ता तरी होता. बनावट मालाला तो पत्ताच नसतो. जिवंत पक्ष्यांची पिसं उपटणं आणि त्यांना बळजबरीने भरवणं नाकारणारं प्रमाणपत्र २०१४ पासून आहे. नकलेवर त्याचाही टॅग लटकतो, मागे तपासणी नसते. पैसे कमी असतील तर स्वतःच्या नावाने विकणाऱ्या छोट्या उत्पादकाचं जॅकेट किंवा वापरलेलं अस्सल जॅकेट घ्यावं. टेप उचलली गेली असेल तर ती पुन्हा बसवून घेता येते.

रसायनांचा मुद्दा सर्वांत नवा. पाणी घरंगळून जावं म्हणून कापडावर देतात त्या लेपात दीर्घकाळ फ्लोरिनयुक्त संयुगं (पीएफएएस) असत. त्यांतल्या एका प्रमुख संयुगावर, पीएफओएवर, २०१९ मध्ये रसायनांविषयीच्या वेगळ्या जागतिक करारानुसार (स्टॉकहोम करार) बंदीचा निर्णय झाला. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून अशा संयुगांचे नवे कपडे विकता येत नाहीत. अतिपावसाच्या कपड्यांना २०२८ पर्यंत सूट आहे, पण त्यांवर तसं लेबल लावावं लागतं. अस्सल जॅकेटं नव्या लेपांकडे वळली, नकलेवर कोणता लेप आहे हे मात्र टॅगवरून कळत नाही. त्यासाठी एक सोपी चाचणी आहे. आत दुमडलेल्या काठावर, कापडाच्या बाहेरच्या बाजूला, खाद्यतेलाचा एक थेंब टाकावा आणि अर्ध्या मिनिटाने पाहावं. फ्लोरिनरहित लेप पाणी अडवतो, तेल अडवत नाही, त्यामुळे थेंब पसरून मुरतो. 'पीएफएएसमुक्त' लिहिलेल्या जॅकेटवर तो गोल उभा राहिला, तर लेप जुन्याच जातीचा आहे.