नो-नथिंग चळवळ

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आप्रवाशांच्या, विशेषतः आयरिश रोमन कॅथलिकांच्या, विरोधात उभी राहिलेली राजकीय चळवळ. तिचा उगम न्यूयॉर्कमधील ‘ऑर्डर ऑफ द स्टार-स्पँगल्ड बॅनर’ या गुप्त संघटनेत झाला. ही संघटना चार्ल्स बी. ॲलन याने १८४९ मध्ये स्थापली, असे सामान्यतः मानतात. काही ग्रंथांत १८५० हे वर्ष आढळते. १८५२ मध्ये जेम्स बार्कर याच्याकडे सूत्रे आल्यावर ती झपाट्याने वाढली आणि १८५५ पासून ‘अमेरिकन पार्टी’ या नावाने उघडपणे वावरू लागली. सभासदत्व अमेरिकेत जन्मलेल्या प्रॉटेस्टंट पुरुषांनाच मिळे.

नावाच्या व्युत्पत्तीविषयी मतभेद आहेत. संघटनेविषयी कोणी विचारल्यास ‘मला काही ठाऊक नाही’ (आय नो नथिंग) असे उत्तर देण्याचा सभासदांना दंडक होता व त्यावरून हे नाव पडले, ही उपपत्ती सर्वाधिक प्रचलित आहे. मात्र नोव्हेंबर १८५३ मध्ये ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’ या विरोधी वृत्तपत्राने हे नाव वापरल्याचे आढळते. त्यामुळे सभासदांच्या मौनावरून बाहेरच्यांनी ते हेटाळणीने दिले असावे आणि पुढे ते रूढ झाले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

विरोधाची कारणे एकमेकांत गुंतलेली होती. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचे पीक रोगाने बुडाले, दुष्काळ पडला आणि तेथील लोक मोठ्या संख्येने अमेरिकेत येऊ लागले. १८४५ ते १८५४ या दहा वर्षांत सर्व देशांचे मिळून सुमारे २९ लाख लोक अमेरिकेत उतरले. तेव्हा त्या देशाची लोकसंख्या दोन कोटींच्या आसपास होती. मजुरीचे दर पडतात, निराधारांना पोसण्याचा भार शहरांवर येतो, या तक्रारी बंदरांच्या शहरांत सर्रास ऐकू येत. परंतु त्यांना धार आली ती धर्मामुळे. बायबल स्वतः वाचून स्वतःच्या विवेकाने निर्णय घेणारा नागरिक हाच प्रजासत्ताकाचा पाया, असे मानणाऱ्या प्रॉटेस्टंटांना पोपच्या आज्ञेत राहणारा मतदार धोक्याचा वाटे. हा संघर्ष शाळेच्या वर्गातही पोहोचला होता. फिलाडेल्फियाचे बिशप फ्रान्सिस केनरिक यांनी १८४२ मध्ये एवढीच विनंती केली की, कॅथलिक मुलांना वर्गात प्रॉटेस्टंटांच्या किंग जेम्स आवृत्तीऐवजी आपल्या पंथाचे बायबल वाचू द्यावे. शाळांतून बायबलच हद्दपार होणार, असा त्याचा विपर्यास झाला. मे व जुलै १८४४ मधील दंगलींत चर्चे जाळली गेली आणि किमान वीस माणसे मेली. वाचनासाठी कोणता ग्रंथ असावा, या प्रश्नावर एवढे रक्त सांडले, हे आजही अस्वस्थ करते.

नागरिकत्वासाठी पाच वर्षांऐवजी एकवीस वर्षांचे वास्तव्य असावे, ही चळवळीची प्रमुख मागणी होती. येथे जन्मलेल्या मुलालाही मतासाठी एकवीस वर्षे थांबावे लागते, मग परक्याने का थांबू नये, असा त्यामागील युक्तिवाद होता. १८५४ च्या निवडणुकीत मॅसॅच्युसेट्सचे विधिमंडळ जवळपास पूर्णपणे या पक्षाच्या हाती गेले. तेथे आयरिश लष्करी पथके बरखास्त झाली आणि कॅथलिक मठांच्या चौकशीसाठी समिती नेमली गेली. त्याच विधिमंडळाने १८५५ मध्ये शाळांतील वर्णभेदही बंद केला.

पोप नववा पायस याने वॉशिंग्टन स्मारकासाठी रोममधील प्राचीन मंदिराचा एक संगमरवरी दगड पाठविला होता. मार्च १८५४ मध्ये एका रात्री काही लोकांनी पहारेकऱ्याला त्याच्या खोपटात कोंडून तो पळविला. तो पोटोमॅक नदीत टाकल्याचे मानले जाते. पुढल्या वर्षी पक्षाच्या लोकांनी स्मारक समितीच ताब्यात घेतली. निधी आटला आणि बांधकाम अनेक वर्षे रखडले. ते पुन्हा सुरू झाल्यावर दगड दुसऱ्या खाणीचा आला, त्यामुळे सुमारे ४५ मीटर उंचीवर स्तंभाचा रंग बदललेला आजही दिसतो.

या विरोधाचे मूळ कशात, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. जॉन हायम याने अंतर्गत अल्पसंख्याकांच्या परदेशी संबंधांविषयीच्या राष्ट्रवादी भीतीवर भर दिला. टायलर अनबिंडर याने उत्तरेकडील गुलामगिरीविरोधी भावनेशी असलेले नाते पुढे आणले. मॅसॅच्युसेट्सचा वृत्तांत पाहता दुसरे मत डावलता येत नाही. पक्ष फुटला तोही गुलामगिरीच्याच प्रश्नावर. १८५६ मध्ये त्याचे अध्यक्षपदाचे उमेदवार मिलर्ड फिलमोर यांना सुमारे २१ टक्के मते पडली, पण जिंकता आले ते केवळ मेरिलँड. पक्षाची सद्दी संपल्यावरही मॅसॅच्युसेट्सने १८५९ मध्ये नव्या नागरिकांना मतदानासाठी आणखी दोन वर्षे थांबविणारी घटनादुरुस्ती मंजूर केली. ती यादवी युद्ध चालू असताना, १८६३ मध्ये, रद्द झाली.