मिरजेचं बिल, जतचं घर

सांगली जिल्ह्यात दुखणं हाताबाहेर गेलं की घरातलं जाणतं माणूस एकच सांगतं, 'मिरजेला हलवा.' डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय उभारलं, 1962 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं आणि पुढं खासगी दवाखाने वाढतच गेले. सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही पेशंट इथं येतात. उपचार जवळ असले तरी ते परवडतातच असं नाही, हे या भागात फार स्पष्ट दिसतं.

समजा, दोन घरं आहेत. एक जत तालुक्यातलं: थोडी कोरडवाहू जमीन, दोन म्हशी, बाकी मजुरी. वर्षाकाठी मिळकत 1 लाख 44 हजार. दुसरं सांगलीत विश्रामबागेतलं, पगारदार, वर्षाला 12 लाखांचं. दोन्हीकडं एकेका माणसाचं ऑपरेशन झालं आणि बिल आलं सारखंच, 60 हजार. विश्रामबागेतल्या घराच्या उत्पन्नातले 5 टक्के गेले, जतच्या घराच्या उत्पन्नातले जवळपास 42 टक्के. बिलाआधी एका घराची मिळकत दुसऱ्याच्या सव्वाआठ पटींच्या आसपास होती. बिल भरल्यावर हातात जे उरलं, त्यात हा फरक साडेतेरा पटींवर गेला. कुणाचा पगार वाढला नाही की कुणाची मजुरी घटली नाही, तरीही दरी रुंदावली.

उत्पन्नातली विषमता मोजायला इटालियन संख्याशास्त्रज्ञ कोर्राडो जिनी यांनी 1912 मध्ये मांडलेला गुणांक आजही वापरतात. सगळ्यांचं उत्पन्न सारखं असेल तर तो 0 येतो, सगळा पैसा एकाकडंच असेल तर 1. आरोग्याचं अर्थशास्त्र अभ्यासणारे तो दोनदा काढतात: आधी उत्पन्नावर, मग दवाखान्याचा खर्च वजा करून. दुसरा आकडा मोठा आला, तर त्या समाजात आजारपण विषमता वाढवतं आहे असं समजायचं. आपण एरवी वाचतो तो बहुतेक वेळा पहिलाच आकडा असतो.

घर मोडणारा खर्च नेमका किती, याचीही मापं आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत 2025 पर्यंत घराच्या एकूण खर्चाच्या किंवा उत्पन्नाच्या 10 टक्के आणि 25 टक्के अशा दोन रेषा धरल्या होत्या. जागतिक आरोग्य संघटनेची आणखी एक पद्धत मला जास्त न्याय्य वाटते. तिच्यात पोटाला लागणारा खर्च आधी बाजूला काढतात आणि उरलेल्या ऐपतीच्या 40 टक्के ही मर्यादा धरतात. जतच्या घराचं खाण्यापिण्यावर वर्षाला 80 हजार जात असतील, तर मागं उरतात 64 हजार. त्यातून 60 हजारांचं बिल भरायचं आणि कपडालत्ता, शाळा, वीज, बियाणं राहिलेल्या 4 हजारांत भागवायचं.

अर्थात तसं कुणीच भागवू शकत नाही. म्हैस बाजारात जाते, मंगळसूत्र पतसंस्थेत सोनतारणाला जातं, पाहुण्यांकडून हातउसने घेतले जातात, तेही पुरले नाहीत तर सावकार. म्हैस विकली की दुधाचा रोजचा पैसा थांबतो. आजारी माणूस दोन-तीन महिने कामावर जात नाही आणि त्याच्यापाशी थांबणारीचीही मजुरी बुडते. व्याज तर चालूच असतं. यंदाचं बिल म्हणजे पुढच्या वर्षाचं घटलेलं उत्पन्न, आणि तेव्हा ते जिनींच्या पहिल्या आकड्यातही उतरतं. फक्त त्या घटीमागं एक ऑपरेशन होतं, हे तोवर कुणाच्या ध्यानात राहत नाही.

सरकारी आणि खासगी खर्चातलं अंतरही लक्षात घ्यायला हवं. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 2017-18 च्या फेरीनुसार, बाळंतपणं वगळता, एकदा अ‍ॅडमिट होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात 4,452 रुपये होता, तर खासगीत 31,845.

या सगळ्या मोजमापांत एक मोठी फट आहे. जो दवाखान्यात गेलाच नाही, त्याचा खर्च शून्य धरला जातो. छातीत दुखतंय तरी 'पित्त असेल' म्हणून अंगावर काढणारी बाई आकडेवारीत सुरक्षित घरात मोजली जाते. एखाद्या गावात दवाखान्याचा खर्च कमी दिसला, तर लोक निरोगी आहेत की उपचारच घेत नाहीत, हे नुसत्या खर्चावरून कळत नाही. म्हणून गरीब घरांचा कमी खर्च बघून समाधान मानणं मला धोक्याचं वाटतं.

रक्तदाबात हे फार दिसतं. दुखत काहीच नाही, त्यामुळं पैशाची ओढाताण झाली की सगळ्यात आधी बंद होते ती बीपीची गोळी. आतल्या रक्तवाहिन्यांवरचा ताण मात्र थांबत नाही, आणि काही वर्षांनी लकवा किंवा किडनीचा आजार समोर उभा राहतो. अमेरिकेत रँड या संशोधन संस्थेनं 1970 च्या दशकात एक मोठा प्रयोग सुरू केला होता. काही कुटुंबांना उपचार मोफत मिळाले, काहींना खर्चाचा वाटा उचलावा लागला. वाटा उचलणाऱ्यांनी अनावश्यक उपचारांबरोबर गरजेचे उपचारही कमी केले. ज्या गरीब रुग्णांना रक्तदाब होता, त्यांचा रक्तदाब मोफत उपचारांत जास्त आटोक्यात राहिला.

शेजारच्या साताऱ्यात याच दिशेनं काम झालं आहे. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमासाठी महाराष्ट्रातले जे पहिले 4 जिल्हे निवडले, त्यांत सातारा होता. औषधांचा क्रम ठरलेला, गोळ्या एकदम महिन्याभराच्या, आणि पेशंट आला नाही तर त्याची चौकशी. गोळी गावाजवळच्या आरोग्य केंद्रात फुकट मिळाली, तर मेडिकलचं दरमहाचं बिलही वाचतं आणि पुढचं मिरजेचंही टळू शकतं.

राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं महत्त्व मी कमी मानत नाही. 2012 मध्ये वेगळ्या नावानं 8 जिल्ह्यांत सुरू झालेली ही योजना 2023 च्या निर्णयानं सगळ्या कुटुंबांसाठी खुली झाली आणि संरक्षण दीड लाखावरून 5 लाखांवर गेलं. पण तिचा भर अ‍ॅडमिट झाल्यावरच्या, यादीतल्या उपचारांवर आहे. रोजच्या गोळ्या, ओपीडीतल्या तपासण्या आणि वडापच्या जीपचं भाडं घरच्यांच्याच खिशातून जातं.

कॅन्सरचं रेडिएशन बहुधा आठवड्यातून 5 दिवस, कित्येक आठवडे चालतं. जतहून मिरज सुमारे 80 किलोमीटर. रोज जा-ये करायची किंवा मिरजेत खोली घ्यायची, आणि दोन्हीत सोबतच्या माणसाची मजुरी बुडणारच. योजनेत उपचार मोफत झाला तरी हे पैसे उभे करावे लागतात, आणि त्यासाठी लोक उपचार अर्धवट सोडतात. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी हाही उपचाराचाच खर्च धरून योजनेतून द्यावा, निदान रेडिएशनसारख्या लांबणाऱ्या उपचारांसाठी तरी.